महिपतीची पाठ

महिपती अंगणात येरझाऱ्या घालू लागला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. सात फुटांवर चार बोटे उंचीचा आणि त्या उंचीला शोभेल अशा वजनाचा माणूस; त्याच्या पावलांचा हादरा तिच्या खुरांना आधी कळायचा. गुरुवारपासून ती म्हैस धड बसली नव्हती, कारण गुरुवारपासून महिपती बसला नव्हता.

"अवो, टेका की जरा," रिकामी चरवी हातात धरून संजीवनी म्हणाली. "तुमच्या पायी म्हशीनं पान्हा चोरलाय. कुस्ती रविवारी हाय. तवर अंगणाचा आखाडा कशाला करताय?"

"बसलं की गुडघं आखडत्यात."

"गुडघं, का दुसरं काय?"

"दुसरं काय असणार?" असे म्हणून तो ओसरीवरच्या लोखंडी पलंगावर बसला. हा पलंग त्याच्या मापाने इंदापुरात मुद्दाम करून घेतलेला होता. बसला तसा त्याचा जुन्या दुखऱ्या गुडघ्याचा उजवा पाय आपोआप हलू लागला, आणि पलंगाची कडी किणकिणू लागली. संजीवनीने त्या पायाकडे पाहिले. तिला सांगून मोकळे व्हावे असे त्याला वाटले. पण तो पुन्हा उठून उभा राहिला. गोठ्यात म्हशीने साखळी वाजवली.

गुरुवारी राजेश्वरीचा फोन आला होता. राजेश्वरी ही कुस्तीचे खेळ भरवणाऱ्या कंपनीची कथालेखिका. ज्या कुस्त्यांवर महिपतीचे घर उभे राहिले आणि घराची चौकट उंच झाली, त्या मातीतल्या कुस्त्या नव्हत्या. दोरांनी वेढलेला चौथरा, डोळे दिपवणारे दिवे, अंगावर येणारे संगीत, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेले. ते ठरवणारी माणसे पगारी असतात आणि विचार करून ठरवतात, हे शेळगावात कोणाला सांगून पटले नसते. राजेश्वरी पुण्यात नाट्यशास्त्र शिकली होती. ती मन लावून काम करणारी बाई होती, आणि महिपतीशी ती कधी खोटे बोलली नव्हती.

"महिपतीराव, डॉक्टरांचा अहवाल आलाय," ती म्हणाली होती. "हृदय फार मोठं झालंय तुमचं. यापुढे कंपनी तुम्हाला रिंगमध्ये उतरवणार नाही. बारामतीची लढत शेवटची."

"बरं."

"आणि ती इंद्रजित जिंकेल. तो तुम्हाला उचलून पाठीवर टाकेल. आजवर कोणी टाकलं नाही तसं."

"बारामतीत?"

"बारामतीतच. तुमची माणसं असतील, त्याचीही असतील. तो कऱ्हाटीचा, तुम्ही शेळगावचे. याहून चांगला शेवट मला लिहिता येणार नाही."

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, हीच अडचण होती. महाकाय मल्लाची पाठ हे अशा कंपनीचे ठेवणीतले भांडवल असते. वर्षानुवर्षे ती कोणालाही दाखवायची नाही. दोघे-तिघे मिळून अंगावर आले तरी त्याने डोंगरासारखे उभे राहायचे. मग एके दिवशी एका उमद्या पोराने त्याला आडवे करायचे, आणि त्या एका पडण्यावर त्या पोराची पुढची सगळी कारकीर्द उभी करायची. धंद्यात याला कोणी पराभव म्हणत नसे. जाणाऱ्याने येणाऱ्याला दिलेली ती वाट होती. इंद्रजितने तीन वर्षे सामान वाहिले होते, रिंग बांधली होती, येईल त्याच्या हातून मार खाल्ला होता. कऱ्हाटीला त्याच्या घरची माणसे वांगी-टोमॅटो पिकवून बाजाराला पाठवत, आणि पोरगा नेमका काय करतो हे विचारणाऱ्यांना उत्तर देताना अडखळत. या पोराला वाट द्यायला महिपतीची मुळीच ना नव्हती. नेपाळात दिली असती, दुबईत दिली असती, जपानात तर हसत दिली असती.

पण बारामतीत पहिल्या रांगेत झुंबर वस्ताद बसणार होते. आणि त्यांना महिपतीनेच बोलावले होते.

*

लहानपणी महिपतीच्या मेंदूच्या तळाशी असलेली एक वाटाण्याएवढी ग्रंथी बिघडली आणि पोराची वाढ थांबेना. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवे होते. गावाने त्याला मारुतीचा प्रसाद म्हटले आणि तालमीत नेले. झुंबर तात्या तेव्हा तालमीचे वस्ताद होते. बुटके, रुंद, दोन्ही कान मोडलेले. त्यांनी पोराला अंघोळ घालावी तसे मातीने माखले, तूप-बदाम घातले, आणि दोन वर्षे त्याला हौद्यात खेळवले. हौदा म्हणजे तालमीतला तो मातीचा खड्डा. ताक, तेल, हळद आणि लिंबू जिरवून लोण्यासारखी केलेली लाल माती. त्या मातीत महिपती रोज पडायचा. वाकायला त्याला वेळ लागे, तोवर त्याच्या कमरेएवढी पोरे पायात शिरून पट काढत आणि तो वडाचे झाड उन्मळावे तसा कोसळे. तालमीबाहेर मात्र हे कोणालाच ठाऊक नव्हते. जत्रेच्या मैदानात लोक ओरडत, "वस्ताद, सोडा की तुमचा हत्ती!" आणि तात्या मान हलवत. "जोड न्हाय त्याच्या तोलाची. जोड आना, सोडतो."

जोड कधी मिळाली नाही, कारण तात्यांनी ती मिळू दिली नाही. पोर धिमे आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून महिपतीची पाठ मैदानात कोणी पाहिली नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीची पंचक्रोशीत दंतकथा झाली.

मग एक दलाल त्याला पंजाबात घेऊन गेला. तिथून 'सह्याद्री' हे नाव घेऊन तो देशोदेशी फिरला. कुठे अस्वलाची कातडी पांघरली, कुठे तोंडाला काळे फासले. संवाद त्याला कधीच मिळाला नाही; नुसती डरकाळी. त्याचे खरे काम लोकांना दिसत नसे: एवढे थोरले अंग समोरच्याच्या अंगावर टाकायचे, आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकाचेही हाड मोडले नव्हते. याचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता, आणि गावात हा अभिमान कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

महिपती ठरलेल्या कुस्त्या खेळतो ही बातमी झुंबर तात्यांना कळली तेव्हा त्यांनी तालमीच्या खुंटीवरचा महिपतीचा लंगोट काढून त्याच्या घरी पाठवून दिला. ठरवून खेळलेल्या कुस्तीला गावात नुरा म्हणतात, आणि तात्यांच्या लेखी नुरा म्हणजे देवाच्या नैवेद्यात माती. एकदा शेजारच्या गावच्या जत्रेत त्यांचा स्वतःचा भाचा ठरवून पडला, तेव्हा त्याला त्यांनी हलगी वाजत असताना मैदानातून कानाला धरून बाहेर काढले आणि पुन्हा तालमीची पायरी चढू दिली नाही.

असे असूनही या दिवाळीत महिपती त्यांच्या पाया पडायला गेला होता. बारामतीत खेळ ठरल्याचे त्याने सांगितले. तात्या बाजेवर पान जुळवत बसले होते. बराच वेळ ते पानाच्या शिरा काढत राहिले.

"कुस्ती असंल तर येतो," ते शेवटी म्हणाले. "तमाशा असंल तर मला हितंच बरं हाय."

आणि महिपती बोलून गेला, "कुस्तीच हाय, तात्या."

तेव्हा त्याला वाटले होते की तो उभा राहील, चार जणांना अंगावर घेईल, तात्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा हात वर जाईल. खोटे असले तरी ते गावाच्या जुन्या दंतकथेशी जुळणारे खोटे होते. आता त्याच खोट्याने त्याला कोंडले होते. सारा गाव पाहत असताना तो ठरवून पडणार होता, आणि तात्यांपासून ते लपणार नव्हते. तात्या कुस्ती बघताना मल्लाचे तोंड किंवा हात बघत नसत. ते पाय बघत.

*

शनिवारी तो तात्यांकडे गेला. येऊ नका म्हणून सांगायचे, असे ठरवून गेला.

तात्या तालमीच्या दारात बसून चाळणीने माती चाळत होते. शेजारी धुऊन वाळत घातलेला केशरी फेटा वाऱ्यावर हलत होता.

"तात्या, उद्या लई गर्दी असणार. तुमाला सोसायची न्हाय. हितंच मोबाईलवर दाखवत्यात."

"मोबाईलवर पाय दिसत न्हाईत," तात्या म्हणाले.

"आवाज पण लई असतोय. कान बसत्यात."

"माजं कान काय हायत का जाग्यावर?" तात्यांनी आपले मोडलेले कान चाचपले आणि खो-खो हसले. मग वर पाहून डोळे बारीक केले. "का रं? तुला मी यायला नगंय का?"

"तसं न्हाय."

"मग कसं?"

महिपती उंबऱ्याबाहेर उभा होता. आत पाय टाकायची त्याला मुभा नव्हती. आतून मातीचा, ताका-हळदीचा तो वास आला. खरे सांगायची हीच वेळ होती. पण तात्यांनी चाळलेली माती मुठीत धरून त्याच्यापुढे केली.

"बघ. दोन दिस चाळतोय. खडा सापडंल का बघ. त्या तुमच्या चौथऱ्यावर माती न्हाय म्हनं. माती लावल्याबिगर कुस्ती कशी धरतील? आपली घिऊन येतो."

महिपतीने मातीला हात लावला. खडा नव्हता. "बरं," एवढेच म्हणून तो परत फिरला. कालव्याच्या कडेने, उसाच्या फडांमधून तो सूर्य कलेपर्यंत चालत राहिला. ऊसतोड करणाऱ्या बायका कोयते थांबवून त्याच्याकडे पाहत होत्या. एकीने हसून विचारलेही, "पैलवान, मोळ्या टाकू लागता का ट्रॉलीत? शिडी लावायचं काम वाचंल." एरवी तो थांबला असता, चार मोळ्या टाकून हसवून गेला असता. आज त्याला ते ऐकूही आले नाही.

*

बारामतीला जाताना गाडीच्या पुढच्या सीटची पाठ पूर्ण पुढे पाडून तो मागे बसला होता, तरी गुडघे छताला लागत होते. भवानीनगर ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला त्याचेच फलक दिसू लागले: 'सह्याद्री आपल्या मातीत'. फलकावर तो जबडा पसरून डरकाळी फोडत होता. गाडीत तो खिडकीच्या काचेवर नखाने टकटक करत होता.

मैदानावर रिंग बांधून झाली होती. दुपारच्या उन्हात इंद्रजित दोर तपासत होता. नायक झाला तरी त्याचा हात जुन्या कामाला जायचा. महिपतीला पाहून त्याने वाकून नमस्कार केला. महिपती त्याला ओलांडून राजेश्वरीकडे गेला.

"मॅडम, एक बदल करता येईल का? आज मला जिंकू द्या. पुढल्या महिन्यात सोलापूरला मी पडतो. म्हणाल तिथं पडतो."

"पुढला महिना नाहीये, महिपतीराव," ती हलकेच म्हणाली. "डॉक्टरांनी आजची परवानगीसुद्धा कशीबशी दिलीय. फक्त एकदाच पडायचं, तेही जपून, या अटीवर."

"मग बरोबरीत सोडवा."

"मग इंद्रजितला काय मिळालं? बाहेरची माणसं आजची लढत बघून त्याला दौऱ्यावर घ्यायचं की नाही ते ठरवणार आहेत." तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. "तुम्हाला कोणाची भीती वाटते?"

त्याने तिला सांगितले. तालीम, लंगोट, भाचा, दिवाळीतले ते एक वाक्य. ती न हसता ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी हे आधी विचारायला हवं होतं. पण आता मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही उडी घेतली नाहीत तर तो तुम्हाला उचलू शकणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणजे शेवटी तुमच्याच पायावर आहे."

तेच खरे होते. एवढे वजन कोणी नुसत्या दंडाच्या बळावर उचलत नाही. उचलला जाणारा योग्य क्षणी जमिनीला पाय देतो, हवेत जातो. उचलणारा फक्त त्याला दिशा देतो. थोडे दूर उभ्या असलेल्या इंद्रजितने सगळे ऐकले होते. तो पुन्हा दोर तपासू लागला, तपासून झालेलेच दोर.

*

संध्याकाळी मैदान भरले. शेळगावची माणसे दोन टेम्पो भरून आली होती आणि येताना हलगीही घेऊन आली होती. कंपनीचे संगीत थांबले की त्यांची हलगी सुरू होई. झुंबर तात्या केशरी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर मातीचे फडके होते.

'सह्याद्री' चौथऱ्यावर चढला आणि गर्जना झाली. इंद्रजित चढला तेव्हा कऱ्हाटीच्या बाजूने शिट्ट्या आल्या. पंचाने शिट्टी तोंडात धरली, तोच तात्या उठून पायऱ्यांकडे निघाले. काळ्या कपड्यांतल्या रक्षकाने त्यांना अडवले.

"बाबा, तिकडं जाता येत नाही."

"बाजूला हो लेकरा. माती लावायची ऱ्हायलीय."

रक्षकाने राजेश्वरीकडे पाहिले. तिने क्षणभर विचार करून हात हलवला: जाऊ द्या.

तात्या वर आले. मल्लांपुढे फडके सोडले. इंद्रजित पुढे होऊन त्यांच्या पाया पडला. तोही लहानपणी तालमीत गेलेला होता, त्याला रीत ठाऊक होती. तात्यांनी त्याच्या हातात मूठभर माती दिली, महिपतीच्या हातात दिली. दोघांनी एकमेकांच्या दंडा-छातीला ती चोळली. उरलेली माती तात्यांनी चौथऱ्यावर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर पेरावी तशी फेकली, आणि खाली जाऊन बसले. लोकांना हे फार आवडले. महिपतीला मात्र पायाखालच्या त्या मातीचा चटका बसल्यासारखे झाले. आजवर इथे माती नव्हती, म्हणून इथे सगळे चालत होते.

खेळ सुरू झाला. इंद्रजित आदळला आणि मागे फेकला गेला. दोरावरून उसळून आला, पुन्हा फेकला गेला. ठरल्याप्रमाणे महिपती डरकाळला, डगमगला, एका गुडघ्यावर आला, उठला. मग ती वेळ आली. इंद्रजित वाकून त्याच्या कमरेत शिरला. "दादा, आता," तो कुजबुजला आणि त्याने जोर लावला.

महिपतीने पाय दिला नाही.

त्याला द्यायचा होता की नाही, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. त्याची नजर खाली गेली. तात्या पुढे झुकून त्याच्या पावलांकडे पाहत होते. पाय खिळून राहिले. इंद्रजितच्या मानेच्या शिरा तटतटल्या, गुडघे थरथरले, आणि तो वजनाखाली तोंडावर कोसळला. मैदानात हशा उसळला.

"आरं, क्रेन आना उचलाय!" शेळगावच्या रांगेतून कोणीतरी ओरडले. "कऱ्हाटीची वांगी हायत व्हय ती, डोक्यावर घ्यायला!"

इंद्रजित उठला. त्याचा डावा खांदा खाली पडल्यासारखा दिसत होता. तो पुन्हा महिपतीला येऊन भिडला. बघणाऱ्याला ती झोंबी वाटली, पण तो जवळजवळ त्याला धरून उभा होता.

"खांदा?" महिपतीने ओठ न हलवता विचारले.

"व्हईल बरा." पोर धापा टाकत होते. "दादा, जमत न्हाय का? जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. मी पडतो. तुमी नुसता हात टाका माज्यावर. तुमचं वस्ताद बसल्यात."

महिपतीच्या कानात हलगी वाजत होती. हे पोर पडायला तयार होते. म्हणजे आज या चौथऱ्यावर कोणीतरी ठरवून पडणारच होते. तात्यांपुढे नुरा होणारच होती. आपण उभे राहिल्याने ती टळणार नव्हती, फक्त दुसऱ्याच्या पाठीवर जाणार होती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यामुळे एकाचा खांदा दुखावला होता.

"न्हाय," तो म्हणाला. "उजव्या खांद्यावर घे. खाली बस, आन् मी आलो की उठ."

"तुमचा गुडघा—"

"उठ म्हणलं की उठ."

त्याने दुखऱ्या उजव्या पायावर सगळे अंग तोलले आणि जमिनीला लाथ दिली. गुडघ्यात काहीतरी कट्दिशी तुटले. मग पायाखाली काहीच नव्हते. मैदानावरचे दिवे उलटे झाले, क्षणभर सगळा आवाज बंद पडला, आणि त्याची अवाढव्य पाठ चौथऱ्यावर अशी आदळली की मागच्या रांगेतल्या पोरांनीही कानांवर हात ठेवले. इंद्रजित त्याच्या छातीवर आडवा पडला. पंचाचा हात एकदा, दोनदा, तीनदा खाली आला.

*

यानंतर जे झाले ते राजेश्वरीने लिहिलेले नव्हते. शेळगावची माणसे उठून रिंगकडे धावली. जत्रेच्या मैदानात निकालावर वाद झाला की गाव आखाड्यात उतरते. हाही आखाडाच, अशी त्यांची समजूत.

"पाठ लागली न्हाय! येकच खांदा टेकलाय!"

"पंच बाहेरचा हाय! आपला पंच पायजे!"

"वस्तादांना इचारा! वस्ताद सांगतील ते खरं!"

रक्षक दोरांपाशी हात पसरून उभे राहिले. कऱ्हाटीची माणसेही उठली. हाणामारी आता होते की मग, असे झाले, तेव्हा तात्या दुसऱ्यांदा पायऱ्या चढले. त्यांना कोणीच अडवले नाही. गर्दी आपसूक थांबली.

महिपती अजून उताणाच होता. तात्या त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"कुशीवर हो."

तो कुशीवर वळला. तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, खाली कमरेपर्यंत, लाल माती चिकटली होती. तळहात लाल झाला. तो त्यांनी उठून सगळ्यांना दाखवला.

"लागलीय," ते मोठ्याने म्हणाले. "सबंध लागलीय. चितपट."

मग त्यांनी इंद्रजितचा उजवा हात वर धरला, आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि त्याला बांधू लागले. पोराला गुडघ्यावर बसावे लागले, एवढे तात्या बुटके होते. पोर रडत होते की हसत होते, हे त्या उजेडात कळत नव्हते. हलगी वाजू लागली. वाद मिटला, वस्तादांनी निकाल दिला होता.

फेटा बांधून झाल्यावर तात्या पुन्हा महिपतीजवळ आले. आता आवाज फक्त त्याच्यापुरता होता.

"उजवा पाय दिलास. दुखरा."

"तात्या, मी—"

"गप. पंचानं पाठ बघायची असती. पाय न्हाय."

*

गुडघा वाकेना, म्हणून गाडीत बसणे शक्य नव्हते. डॉक्टरने पट्टी बांधून दिली, उद्या पुण्याला या म्हणून बजावले, आणि महिपतीला शेळगावच्या टेम्पोत पाय लांब करून बसवले. त्याच्याभोवती गावची माणसे दाटीवाटीने उभी होती. काटेवाडी गेली तरी त्यांचा वाद संपला नव्हता. पहिल्यांदा पोराला उचलता आले नाही, मग दुसऱ्यांदा कसे आले? एकजण म्हणे, माती ओली होती. दुसरा म्हणे, महिपतीचे वय झाले. त्याचे पडणे ते इतक्या गंभीरपणे उलगडत होते की त्याला कुठे बघावे कळेना. त्याचा डावा पाय हलत होता. उजवा हलवता येत नव्हता.

तात्या बोडक्या डोक्याने समोर बसले होते.

"तात्या," तो शेवटी म्हणाला, "मी दिवाळीत खोटं बोललो."

"ठावं हाय. नुरा ती नुराच. मी कवा म्हणलं न्हाय म्हणून?" तात्यांनी बाहेर पाहिले. उसाच्या ट्रॉल्यांची रांग मागे पडत होती. "तुजा लंगोट काय परत खुंटीला लागायचा न्हाय."

"व्हय."

बरेच अंतर गेल्यावर तात्यांनी विचारले, "पडाय कुणी शिकवलं?"

"पंजाबात. आदी सहा म्हैनं नुसतं पडायलाच लावत्यात. मान आत, हात पसरून, सगळी पाठ एकदम."

"सगळी पाठ एकदम," तात्या स्वतःशी म्हणाले. "आमी पाडाय शिकवलं. आमच्या पोरांचं हासळीचं हाड मोडतंय दर सालाला." मग ते म्हणाले, "पाय बरा झाला की ये. भाईर उंबऱ्यावर बसून पोरांना सांग. आत यायचं न्हाय."

महिपतीने मान हलवली. मातीने पाठ खाजत होती. तो हात मागे नेऊ लागला.

"झाडू नगंस," तात्या म्हणाले. "मैदानात पडलेला घरी जातो तवा पाठीवर माती असती. लाज वाटली तरी असती."

घरी पोचेपर्यंत बरीच रात्र झाली होती. चौघांनी आधार देऊन त्याला ओसरीवरच्या पलंगावर बसवले आणि ते निघून गेले. संजीवनी त्याचा खेळ बघायला कधीच जात नसे. ती कंदिलासारखा मोबाईलचा उजेड धरून त्याच्याभोवती फिरली. आधी तिने गुडघा पाहिला, मग पाठ.

"पडलात?"

"व्हय."

"कुणी पाडलं?"

"कऱ्हाटीचं पोरगं हाय एक. चांगलं हाय."

ती ओले फडके घेऊन आली. त्याने तिचा हात धरला. "आज ऱ्हाऊ दे."

"पलंग लाल हुईल."

"टेकत न्हाय मी."

आणि तो तसाच ताठ बसून राहिला. डावा पाय हलत होता, पलंगाची कडी किणकिणत होती. गोठ्यात म्हैस उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. आज बसावे की नाही, हे तिला अजून ठरवता येत नव्हते.